सरकारी गोणपाट

‘आजपासून या भूमीवर परकीय शत्रूला तसूभरही जागा मिळणार नाही!’

असं म्हणून कुलथे साहेबांनी पायाजवळचं गाजरगवताचं रोप उघड्या हाताने धरलं, मुळासकट उपटलं, आकाशाच्या दिशेने उंचावलं आणि ते सलग नऊ वेळा शिंकले.

पहिल्या शिंकेला लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या शिंकेला थांबवल्या. सातव्या शिंकेला सरपंच ज्ञानू वाघमोडे यांना राहवलं नाही आणि ते मोठ्याने म्हणाले, ‘सत्य हाय!’ जिल्ह्याहून आलेल्या फोटोग्राफरने नववी शिंक नुकतीच संपल्याचा क्षण टिपला. त्या फोटोत साहेबांचे डोळे पाण्याने भरलेले आहेत. खाली छापलं होतं : ‘मातीसाठी गहिवरलेले अधिकारी.’

शत्रू परकीय होता यात शंका नाही. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून तो देशात शिरला, असं सगळेच म्हणायचे. पण वाकसळ गावच्या चावडीपुढे तो त्याच पहाटे आला होता आणि त्याला मी आणलं होतं.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. पुढे एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून पोट भरलं. पण तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, सरकारी कृषी सहायक होतो आणि खोड्या काढायला अजून वरून मंजुरी आली नव्हती. गाजरगवत निर्मूलन सप्ताहाचा आदेश मात्र आला होता. सप्ताहाचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते होणार म्हटल्यावर सरपंचांनी गावाची अब्रू राखायची म्हणून आठ गडी लावले आणि चावडीपुढचं मैदान असं साफ करून घेतलं, की दात कोरायला काडी मिळू नये.

आदल्या दिवशी साहेब पाहणीला आले. त्यांनी मैदान पाहिलं, मांडव पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘काळदाते, उद्या मी उपटू काय? सरपंचांच्या मिशा?’

‘साहेब, ओढ्यापलीकडे कमरेएवढं माजलंय. तिथेच कार्यक्रम घेऊ या.’

‘मांडव इथे आहे. शत्रूला इथे बोलवा.’

मी ऑफिसातलं गोणपाट घेतलं, ओढ्यापलीकडून पांढऱ्या फुलांची चांगली चाळीस रोपं काढून आणली आणि साहेबांच्या सूचनेप्रमाणे ती सुकू नयेत म्हणून रात्रभर त्याच गोणपाटात ओली गुंडाळून ठेवली. पहाटे खुरपं घेऊन मैदानात लावली. कॉलेजात मला लागवडीच्या प्रात्यक्षिकात पहिला वर्ग होता. हात शिकलेला होता, तो आपला शिकल्याप्रमाणे चालला.

कार्यक्रम संपत आला होता. साहेबांनी रुमालाने नाक पुसत विचारलं, ‘कुणाला काही शंका?’

गावात असा प्रश्न विचारायचा असतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं. पण बायकांमधून एक काटकुळी म्हातारी उठली.

‘सायेब, एक इचारू का? ह्ये गवत आमच्या रानात कसंबी उगवतंय. हितं वळीनं कसं काय उगवलं? आन् दोन रोपांत बरूबर वीतभर अंतर. चाळीस वर्सं पेरतीया, पर माझ्या शाळूची बी इतकी सरळ वळ कधी पडली न्हाई.’

आधी बायका हसल्या, मग गडी हसले, मग मांडवाचा ठेकेदारही हसला. मी माझ्या चपलांकडे पाहू लागलो.

‘ही बाई कोण?’ साहेबांनी सरपंचांना विचारलं.

‘बायडाक्का मेटकरी. गावाचं बी तिच्याकडं असतंय.’

हे खरं होतं. वाकसळमध्ये रब्बीला शाळू पेरतात, म्हणजे थंडीवरची ज्वारी. उभ्या पिकातून हिंडून, कणसं हाताने चाचपून बायडाक्का बी निवडायची आणि राखेत घालून कणगीत ठेवायची. तिच्या सासूनेही हेच केलं होतं. गावात नवरात्राला घट बसला की भोवतीच्या मातीत जे दाणे पेरतात, ते दाणेसुद्धा घरोघरी बायडाक्काच्या कणगीतून जायचे. नऊ दिवसांत घटाचं धन जसं वर येईल, तशी लोकांची पेरणीवरची हिंमत वर यायची. कागद नव्हता, शिक्का नव्हता. बायडाक्काचं बी उगवतं, एवढं गावाला माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं.

‘असं का,’ साहेब म्हणाले. तालुक्याहून सुधारित शाळूची पोती आली होती आणि ती वाकसळमध्ये कुणी उचलत नव्हतं. त्याचं कारण आता त्यांच्यासमोर उभं होतं आणि त्याने नऊवारी नेसली होती. ‘काळदाते, या बाईंच्या बियाण्याची उगवण तपासा. शास्त्रोक्त.’

घट बसायला बारा दिवस होते.

*

शास्त्रोक्त म्हणजे काय ते सांगतो. शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळीत मांडायचे. गोणपाटाची वळकटी करून सुतळीने बांधायची, सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचे. शेतकऱ्यांना हे आम्हीच शिकवायचो, त्यामुळे आमच्याकडून चूक होण्याचा संभव नव्हता.

मी बायडाक्काच्या घरी गेलो. तिने कणगीत हात घालून ओंजळभर बी काढलं, सुपात टाकलं आणि पाच पाच दाणे बोटाने बाजूला सरकवत शंभर मोजले. बी टपोरं होतं, त्याला राखेचा हात लागलेला होता.

‘राख कसली?’

‘निंबाची. किडं लागत न्हाईत. घ्या, शंभर झालं. तुमीबी मोजा, नायतर सायेब म्हणायचं म्हातारीनं नव्याण्णव दिलं.’

मी मोजले. शंभर होते.

‘आन् कशात घालनार?’

मी काखेतलं गोणपाट दाखवलं. तिने त्याचं एक टोक नाकाशी नेलं.

‘कुनाचं?’

‘सरकारी आहे.’

‘मग धुतलेलं नसंल,’ असं म्हणून तिने ते परत दिलं.

मी हसलो. सरकारी नोकरीत असताना सरकारवरच्या विनोदाला हसायची तेवढीच संधी मिळते. ऑफिसच्या पडवीत बसून मी वळकटी बांधली. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांना मनगटापासून बोटांपर्यंत खाज सुटली. निंबाची राख, मी मनात म्हटलं. गावठी औषध, दुसरं काय.

चौथ्या दिवशी वळकटी सोडली. शंभरपैकी नऊ उगवले होते. बाकीचे नुसतेच फुगून पडले होते. जे नऊ उगवले होते, त्यांचीही मुळं नखाएवढी आणि टोकाशी तपकिरी, उदबत्तीने डागल्यासारखी. मला नवल वाटलं. मला नवल वाटलं, एवढंच सांगता येतं. त्यापुढे डोकं चालवायला वेळ मिळाला नाही, कारण साहेब मागे येऊन उभे होते.

‘नऊ!’ ते म्हणाले. एखाद्याला मुलगा झाल्यावर जसा आवाज होतो तसा त्यांचा आवाज झाला होता. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे ना? चावडीच्या फळ्यावर लिहा.’

मी लिहिलं. खडूने, ठळक, शिरोरेघ एकदम सरळ : ‘बायडाबाई मेटकरी यांचे शाळूचे बी. उगवण नऊ टक्के. पेरणीस अयोग्य.’

दुपारपर्यंत शेवंता वाघमोडे, सरपंचांची सून, घटासाठी नेलेलं पसाभर बी बायडाक्काच्या ओट्यावर ठेवून गेली. बोलली काही नाही. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या, मग चौघी. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या सगळ्या ओट्याकडे न बघता ठेवत होत्या आणि आमच्या ऑफिसच्या पडवीतून मला ते सगळं दिसत होतं. देवीच्या घटात मेलेलं बी कोण घालणार?

घट बसायला सात दिवस राहिले होते.

*

चार वाजता बायडाक्का ऑफिसात आली. मागोमाग सरपंच आणि अर्धं गाव आलं. तिने चपला बाहेर काढल्या नाहीत.

‘ह्यो फळा कुनी लिवला?’

‘मी,’ मी म्हणालो.

‘अक्षर झ्याक हाय. कुटं हाय माझं बी?’

गोणपाट अजून टेबलाजवळच पसरलेलं होतं. ती खाली बसली. एक उगवलेला दाणा तिने तळहातावर घेतला, दारातल्या उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

‘सायेब, ह्ये मेलेलं बी न्हवं.’

‘बाई, शंभरपैकी नऊ उगवलेत. याला शास्त्रात मेलेलंच म्हणतात.’

‘शास्त्रात म्हनत असतील. मेलेलं बी कुजतंय, बुरसतंय, त्याला घान सुटती. ह्याला वास न्हाई. ह्ये उगवाय निघालं व्हतं आन् मुळाला चटका बसला तसं मागं फिरलं.’ तिने तपकिरी टोक नखाने दाखवलं. ‘ह्ये मेलं न्हाई. ह्याला मारलंय.’

‘कुणी?’ साहेब हसले.

‘त्येच इचारायला आले. माझ्या बांधाला तुमचं ते परदेशी गवात माजलंय. गेल्या साली उपटून तितंच ढीग घातला, त्यावर पाऊस पडला. ढिगाच्या खालच्या अंगाला चार वळी हरभऱ्याच्या, चारी वळींची मुळं अशीच. वरच्या अंगाला हरभरा गुडघ्याएवढा.’ ती माझ्याकडे वळली. ‘भाऊसाहेब, ह्या गोणपाटात आधी काय व्हतं?’

आणि त्या क्षणी माझ्या हातांना सणकून खाज सुटली.

त्या खाजेबरोबर सगळं एकदम आठवलं. ओली चाळीस रोपं. रात्रभर गुंडाळून ठेवलेली. त्याच हातांनी लावलेली. या गवताच्या पानांतून आणि मुळांतून एक कडू रसायन सुटतं, ते पाण्याबरोबर उतरतं आणि शेजारच्या रोपाचं मूळ जाळतं, हे मी कॉलेजात दोन पानं भरून लिहिलं होतं. आणि त्याच रसायनात भिजलेल्या गोणपाटात मी बायडाक्काचे शंभर दाणे मोठ्या शास्त्रोक्तपणे निजवले होते.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडेच पाहत होते. त्यांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते आणि खिशांच्या आत काहीतरी खरवडत होतं. खरं सांगायचं तर ओळीत लावलेलं गवतही सांगावं लागणार होतं. फोटो आदल्याच दिवशी छापून आला होता.

‘काही नव्हतं,’ मी म्हणालो.

बायडाक्काने माझ्या हातांकडे पाहिलं. मी खाजवायचं थांबलो.

‘बरं,’ ती म्हणाली.

त्या ‘बरं’ची शिक्षा नोकरीतल्या कुठल्याही कलमात नाही.

साहेब उठले. ‘झालं समाधान? आता फळ्यावरचं मान्य करा आणि...’

‘मान्य करायला मी सही केली न्हाई कुटं. पुन्यांदा लावा.’

‘पुन्हा कशाला?’

‘माझं बी तुमच्या गोणपाटात मेलं. आता तुमचं बी तुमच्या गोणपाटात घाला. माझं मी माझ्या धडुत्यात घालते. धा-बारा धुण्याचं जुनं लुगडं हाय, सूती.’

‘तुम्ही निवडून शंभर दाणे आणाल. असे निवडलेले कुणाचेही उगवतील.’

‘मी न्हाई निवडत. सरपंच निवडतील. डोळं झाकून. माझ्या कणगीतनं बी आन् तुमच्या पोत्यातनं बी. वळकट्या चावडीत टांगायच्या, गावानं बघत बसायचं. का सायेब, तुमच्या बियावर तुमचा भरवसा न्हाई का?’

चाळीस माणसं दारात उभी होती. सुधारित बियाण्यावर भरवसा नाही असं म्हणणारा अधिकारी त्या काळी जन्माला यायचा होता.

‘लावा!’ साहेब म्हणाले.

‘तीन वळकट्या करा,’ बायडाक्का सरपंचांना म्हणाली. ‘माझं बी माझ्या धडुत्यात. सायबाचं बी सायबाच्या गोणपाटात. आन् सायबाचं बी माझ्या धडुत्यात.’

‘आक्का, तिसरी कशाला?’

‘ती सायबासाठी. लागंल त्यास्नी.’

‘आणि फळ्यावरचं तेवढं पुसून घ्या आता,’ सरपंच मला म्हणाले. सुनेने परत केलेलं बी त्यांना टोचत असावं.

‘पुसू नका!’ बायडाक्का इतक्या जोरात म्हणाली, की फळ्याच्या दिशेने निघालेला मी जागीच थांबलो. ‘ऱ्हाऊ द्या. ज्यानं लिवलं, त्यो कारन समजल्यावर पुसंल. दया म्हनून पुसलेलं मला नगं.’

*

गोणपाट भिजवायला घ्यायचं होतं. मी ते उचललं तेव्हा साहेब कानाशी आले.

‘आतल्या खोलीत कोरं गोणपाट आहे. हे झटकायला म्हणून आत न्या आणि ते बाहेर आणा.’

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. साहेब वाईट नव्हते, मूर्ख तर मुळीच नव्हते. ते फक्त फोटोत होते.

मी आत गेलो. भिंतीला दोन खुंट्या होत्या. एकीवर कोरं गोणपाट होतं, तागाच्या ताज्या वासाचं. दुसऱ्या रिकाम्या खुंटीखाली मी जुनं घेऊन उभा होतो. बाहेर सरपंच डोळे झाकून दाणे उचलत होते आणि लोक मोठ्याने मोजत होते, ‘एक्केचाळीस, बेचाळीस.’ कोरं नेलं असतं तर साहेबांचं बी छान उगवलं असतं, म्हातारीचंही उगवलं असतं आणि साहेबांनी गावाला सांगितलं असतं, की बाईंनी रातोरात बी बदललं. फळा पुसला गेला असता. घटात बी मात्र कुणी घातलं नसतं.

‘अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव...’

मी जुनंच घेऊन बाहेर आलो.

आयुष्यात एवढं एकच बंड मी केलं. त्यात घोषणा नव्हत्या, एक खुंटी सोडायची होती. साहेबांनी गोणपाट ओळखलं. त्यांचा चेहरा दहाव्या शिंकेची वाट पाहिल्यासारखा झाला. पण चाळीस माणसांपुढे ते काय म्हणणार होते? हे नको, दुसरं आणा? का, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि कुणी ते आम्हाला माहीत होतं.

पुढचे चार दिवस तीन वळकट्या चावडीच्या आढ्याला टांगलेल्या होत्या आणि खाली बायडाक्का पाय पसरून बसलेली होती. घरचं दळण निवडायला ती तिथेच घेऊन यायची. सकाळ-संध्याकाळ मी पाणी शिंपडायचो. येणारे-जाणारे वर बघायचे, तिच्याकडे बघायचं टाळायचे.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘हाताला काय झालं, भाऊसाहेब?’

‘निंबाची राख.’

‘माझ्या राखंनं चाळीस वर्सांत कुनाला खाज सुटली न्हाई. खोबरेल लावा.’

मी भांडं खाली ठेवलं. ‘आक्का, तुम्हाला ठाऊक आहे ना?’

‘काय?’

‘गोणपाटाचं.’

‘मला कसं ठाऊक असनार? तुमीच म्हनला, काही नव्हतं.’ तिने एक खडा काढून बाजूला टाकला. ‘तुमच्या पुस्तकात नसतंय का ह्ये? गवताचं?’

‘असतं. परीक्षेत मला त्या प्रश्नाला दहापैकी आठ मिळाले होते.’

‘दोन कशाचं गेलं?’

‘आकृतीचे.’

तिने वर टांगलेल्या वळकट्यांकडे पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं. ‘काय लिवलं व्हतं?’

मी सांगितलं. पानांतला कडू रस, पावसाबरोबर त्याचं मातीत उतरणं, शेजारच्या मुळांचं जळणं. ती ऐकत होती.

‘म्हंजी भांडत न्हाई, शिवी देत न्हाई, अंगाला हात लावत न्हाई. नुसतं शेजारी बसून पानी कडू करतंय.’

‘हो.’

‘आमच्या भावकीत हाय एक तसा,’ ती म्हणाली आणि निवडू लागली.

थोड्या वेळाने मी विचारलं, ‘आक्का, वळकट्या सोडतील तेव्हा मी काय सांगू?’

‘मी कशाला सांगू तुमाला काय सांगायचं? मला बी उगवायचं हाय. तुमचं तुमी बघा.’

*

वळकट्या सोडायच्या दिवशी चावडी भरून गेली. घट तीन दिवसांवर आला होता. साहेब आले, त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला होता आणि बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या होत्या.

सरपंचांनी पहिली वळकटी सोडली. बायडाक्काचं बी, बायडाक्काचं धडुतं. जुन्या हिरव्या लुगड्यावर पांढरी मुळं अशी गुंतली होती, की कापड आणि अंकुर वेगळे करायला वेळ लागला. मोजायला त्याहून वेळ लागला. पंच्याण्णव.

शेवंताने पदर डोक्यावर सारखा केला.

दुसरी सोडली. साहेबांचं बी, साहेबांचं गोणपाट. मोजायला वेळ लागला नाही. सात.

‘सात!’ सरपंच म्हणाले. ‘आक्काचं नऊ तरी आलं व्हतं!’

मग मात्र चावडी दणाणली. कुणीतरी मागून ओरडलं, ‘भाऊसाहेब, खडू आना! लिवा, सरकारी बी, पेरणीस अयोग्य!’ साहेब पांढरे पडले. तालुक्याहून आलेली साठ पोती त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जाताना मला दिसली.

‘गप बसा!’ बायडाक्का म्हणाली. ‘तिसरी सोडल्याबिगर कुनी हसायचं न्हाई.’

तिसरी सोडली. साहेबांचं बी, बायडाक्काचं धडुतं. ब्याण्णव.

‘सायेब,’ ती म्हणाली, ‘तुमचं बी चांगलं हाय. कुनी कायबी म्हनंना. बियाला नावं ठेवू नयेत, मग ते कुनाचंबी असो. गोणपाट वाईट हाय.’

आता सगळे गोणपाटाकडे बघू लागले. बायडाक्का मात्र माझ्याकडे बघत नव्हती. तिने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. मी पुढे झालो.

‘त्यात गाजरगवत होतं,’ मी म्हणालो. ‘रात्रभर ओलं ठेवलं होतं. उद्घाटनासाठी. मैदानात शत्रू शिल्लक नव्हता म्हणून मी ओढ्यापलीकडून चाळीस रोपं आणून इथे लावली. ओळीत. त्याचं विष गोणपाटात उतरलं आणि त्याने आक्काचं बी मारलं. चार दिवसांपूर्वी आक्काने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.’ आणि पुरावा म्हणून मी दोन्ही हात वर केले. ते कोपरापर्यंत लाल झाले होते.

सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवरून हळूहळू साहेबांच्या बाह्यांवर गेल्या.

मी बदलीची तयारी मनातल्या मनात सुरू केली. ट्रंक एकच होती. पण कुलथे साहेबांना मी ओळखलं नव्हतं. ते दोन पावलं पुढे आले, त्यांनी बाह्या मागे सारल्या, आपलेही लालभडक हात लोकांना दाखवले आणि सप्ताहाच्या उद्घाटनाला होता त्याच आवाजात म्हणाले :

‘ग्रामस्थहो! हाच तो परकीय शत्रू! हा माणसाची कातडी जाळतो, बियाण्याचं मूळ जाळतो, मेल्यावरसुद्धा गोणपाटात दबा धरून बसतो! हे नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून आम्ही ते तुमच्यासमोर प्रयोगाने सिद्ध केलं! श्रीमती मेटकरी यांनी या प्रात्यक्षिकाला जे सहकार्य केलं...’

‘सत्य हाय,’ सरपंच सवयीने म्हणाले.

त्या प्रात्यक्षिकाचा अहवाल नंतर मीच लिहिला. चार पानी होता आणि वर जिल्ह्यात वाखाणला गेला. माझं पहिलं विनोदी लेखन म्हणजे तो अहवाल, फक्त त्याखाली सही साहेबांची आहे.

पण ते नंतर. साहेबांचं भाषण चालू असतानाच मी ओलं फडकं घेऊन फळ्याकडे गेलो होतो. ‘नऊ’ पुसलं. ‘अयोग्य’ पुसलं. नवीन लिहिलं : ‘बायडाबाई मेटकरी यांचे शाळूचे बी. उगवण पंच्याण्णव टक्के. आधीची चूक लिहिणाऱ्याची.’ या वेळी शिरोरेघ जरा वाकडी आली.

शेवंता उठली, बायडाक्कापुढे आली आणि तिने पदराची ओटी पसरली. तिच्यामागे तिघी आल्या, मग चौघी. बायडाक्का बरोबर आणलेल्या शेराच्या मापातून पसा पसा बी प्रत्येकीच्या ओटीत टाकत गेली. फक्त शेवंताच्या ओटीत टाकताना हात किंचित थांबला आणि मग तिला इतरांपेक्षा थोडं जास्तच पडलं. ते मायेने होतं की टोमण्याने, हे शेवंतालाही कळलं नसावं.

साहेबांचं भाषण संपलं. टाळ्या झाल्या. आता ते फार उदार मनःस्थितीत होते.

‘श्रीमती मेटकरी, आपलीही काही मागणी असेल तर निःसंकोच सांगा. शासन आपल्या पाठीशी आहे.’

गाव कान देऊन ऐकू लागलं. ती काय मागणार, याचा अंदाज ज्याने त्याने बांधला होता. फळ्यावर माफी, छापून आलेल्या फोटोचा खुलासा, निदान माझी बदली. बायडाक्काने रिकामा शेर काखेला मारला.

‘मागनं हाय की. त्ये गोणपाट मला द्या.’

‘हे? हे कशाला?’

‘माझ्या उंबऱ्याफुडं हरळी माजलीया. दोन वर्सं खुरपून दमले. त्यावर हातरून बघते.’

साहेबांनी विचार केला. मागणी अनपेक्षित होती, पण नियमात बसत नव्हती असं नाही.

‘गोणपाट सरकारी मालमत्ता आहे, बाई. रीतसर अर्ज करावा लागेल.’

‘करते की. लिवा भाऊसाहेब.’

मी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. बोटं अजून जळत होती.

‘लिवा, गोणपाट एक नग मिळावं ही इनंती.’

मी लिहिलं. ‘खाली सही? अंगठा?’

‘थांबा. आंगठा मारायच्या आधी खाली आनखी एक वळ लिवा,’ बायडाक्का म्हणाली. ‘देताना तेवढं धुवून देऊ नये.’